पिंगळा आणि रानपिंगळा

पेठच्या (ता. आंबेगाव) शिवारात मगरिबनंतर जो कर्कश चिरचिराट ऐकू येतो, तो बहुधा पिंगळ्याचा असतो. साळुंकीएवढे हे छोटे घुबड गावातच राहते. जुन्या झाडाची ढोली किंवा पडक्या भिंतीतले भोक हे त्याचे घर. डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके, डोळे पिवळे. अंधार पडताच ते किडे आणि उंदीर टिपायला निघते.

त्याचा जवळचा नातलग म्हणजे रानपिंगळा. हा किंचित मोठा, पंजे अधिक दणकट. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच. छाती तपकिरी, पोट पांढरेशुभ्र, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. मुख्य फरक सवयीत आहे. रानपिंगळा दिवसाउजेडी शिकार करतो आणि त्याला सागवानी जंगलच लागते. 1884 नंतर त्याचा खात्रीलायक पुरावा मिळत नव्हता. तो नामशेष झाला असावा, असे अभ्यासकांना वाटू लागले. 113 वर्षांनी, नोव्हेंबर 1997 मध्ये, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. पुढे तो मेळघाटात आणि ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही आढळला.

रानपिंगळ्याला धोका आहे तो जंगलतोडीचा. गावातल्या पिंगळ्याला मात्र आपल्या गैरसमजुतीचाही धोका आहे. घरावर घुबड ओरडले की मय्यत होते, असे आपल्याही काही घरांत बोलले जाते आणि मुले दगड उचलतात. इस्लामपूर्व अरबांतही अशीच समजूत होती. खून झालेल्या माणसाचा आत्मा घुबड होऊन सूडासाठी ओरडतो, असे ते मानत. त्याला ते 'हामा' म्हणत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही समजूत आणि पक्ष्यांवरून शकुन पाहणे, दोन्ही निराधार ठरवले. ही हदीस सहीह बुखारीत आहे. पक्षीही आपल्यासारखेच समुदाय आहेत, असे कुरआनच्या सूरह अनआममध्ये (आयत 38) सांगितले आहे. मरण अल्लाहच्या हुकमाने येते. त्यात बिचाऱ्या पिंगळ्याचा काय हात?

उलट सातगाव पठारावरच्या बटाट्याच्या शेतात उंदीर टिपणारा हा बिनपगारी राखणदार आहे. म्हणून ढोलीचे झाड तोडण्याआधी आत घरटे नाही ना, ते पाहावे. उंदरांसाठी विष शक्यतो टाळावे, कारण विष खाल्लेला उंदीर खाऊन पिंगळाही मरतो. आणि आज रात्री तो ओरडला, तर मुलांना घाबरवू नका, त्याचे नाव सांगा.