कॅप्चर कार्डाची निवड

आमच्या कऱ्हाटीच्या मुलांस खेळाची आवड नवी नाहीं. कुस्ती, कबड्डी व क्रिकेट यांच्या जोडीस आतां दूरदर्शनच्या पडद्यावर खेळावयाचे कन्सोलचे खेळ आले आहेत. आणि झालेला खेळ टिपून चार लोकांस दाखवावा, ही हौसही त्यांबरोबर आली आहे. त्यासाठीं लागणारें व्हिडिओ कॅप्चर कार्ड कोणतें घ्यावें, असा प्रश्न विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. त्यासंबंधीं आमचें मत येथें मांडीत आहों.

प्रथम विचार हा कीं, कार्ड हवेंच काय? प्लेस्टेशन ४ हें यंत्र २०१३ सालीं निघालें, तेव्हांपासून शेवटच्या १५ मिनिटांचा खेळ आपोआप टिपून ठेवण्याची सोय त्यांतच आहे. एखादा डाव मित्रांस दाखवावयाचा असेल, तर एवढी सोय पुरे. निन्टेन्डो स्विचवर मात्र ती अवघ्या ३० सेकंदांची असून सर्व खेळांस लागू नाहीं. स्विच लाइट ह्या लहान यंत्रांतून तर चित्र टीव्हीकडे नेण्याचा मार्गच ठेवलेला नाहीं. त्यासाठीं कार्ड घेणें व्यर्थ होय. सबंध खेळ टिपून संगणकावर त्यास हवा तसा आकार द्यावयाचा असेल, त्यानेंच कार्डाच्या वाटेस जावें.

आतां फसगत कोठें होते तें पाहूं. स्वस्त कार्डाच्या डब्यावर '४के' असें ठळक छापलेलें असतें. पुष्कळदां त्याचा अर्थ इतकाच कीं, तसलें चित्र कार्डांत शिरूं शकतें. टिपलें जातें तें १०८०पी, आणि तेंही कधीं कधीं सेकंदास ३० चित्रें एवढेंच. नीरा डाव्या कालव्यावरील शेतकऱ्याच्या मुलास हें समजावून सांगावयास नको. कालवा कितीही भरून वाहो, वावरांत पाणी येतें तें चारीच्या मापानें. येथें चारी म्हणजे कार्ड व संगणक यांस जोडणारी यूएसबी. १०८०पी चित्र सेकंदास ६० वेळां, न दाबतां पाठवावयाचें तर सेकंदास सुमारें २ अब्ज बिट जावे लागतात. यूएसबी २.० ची धाव ४८ कोटींची, यूएसबी ३.० ची ५ अब्जांची. म्हणून पहिल्या जातीचें कार्ड चित्र दाबून, त्यांतील बारकावे गाळून पाठवितें. यास्तव डब्यावरील मोठा आंकडा सोडून टिपण्याचा आंकडा व यूएसबीची जात पाहावी. आणि आपल्या संगणकास तशी जलद यूएसबी आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

दुसरी गोष्ट, संगणकावर उमटणारें चित्र क्षणभर मागें असतें. त्याकडे पाहून खेळूं गेल्यास चेंडू निघून गेल्यावर बॅट फिरते! म्हणून टीव्हीकडे चित्र थेट सोडणारें दुसरें एचडीएमआय मुख असलेलेंच कार्ड घ्यावें. तिसरी गोष्ट, पडदा काळा दिसल्यास कार्डास दोष देण्यापूर्वीं प्लेस्टेशनच्या सेटिंगांत एचडीसीपी हें संरक्षण बंद केलें आहे काय, तें तपासावें.

कोणी म्हणतील, घ्यावयाचेंच तर सर्वांत भारी घ्यावें, म्हणजे पुन्हां खर्च नको. हें मत आम्हांस मान्य नाहीं. पाहणारा बहुधा मोबाइलच्या लहान पडद्यावर पाहतो. तेथें ४के व १०८०पी यांतील अंतर फारसें कळत नाहीं, खरखरणारा आवाज मात्र तत्काळ खटकतो. वडिलांनीं उसाच्या बिलांतून अथवा दुधाच्या पगारांतून दिलेला पैसा जपून खर्चावा. कार्ड मध्यम घ्यावें आणि उरलेल्या रकमेचा चांगला मायक्रोफोन घ्यावा. टिपण्याचें काम करणारें ओबीएस स्टुडिओ हें सॉफ्टवेअर तर विनामूल्य मिळतें. शिवाय एचडीएमआय जोडणी असलेल्या कॅमेऱ्यासही हेंच कार्ड बहुधा चालतें. तेव्हां चौघां मित्रांनीं किंवा शाळेनें मिळून एक घेतल्यास स्नेहसंमेलन, कबड्डीचा सामना व विज्ञानाचे प्रयोगही टिपतां येतील.

खेळाचें चित्र जगांत कोणाच्याही घरीं सारखेंच निघतें. त्यावर आपण काय बोलतों, डाव कां साधला व कां फसला हें कसें उलगडतों, तेवढेंच आपलें. ज्या बारामतींत मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) शब्द तोलून आर्या रचल्या, तेथील मुलानें तें विवेचन स्वच्छ मराठींत करावें, एवढीच आमची सूचना आहे.