विश्लेषण : पालघरच्या एका फेसबुक पोस्टचा निकाल वसई-विरारच्या दुकानदाराच्या कामाचा का आहे?

वसई-विरारमध्ये धंदा आता स्टेशनजवळच्या गाळ्यापुरता राहिलेला नाही. दिवाळीचा फराळ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विकला जातो, कुर्ते इन्स्टाग्रामवर लाइव्ह दाखवले जातात, वालीवच्या गाळ्यात तयार झालेला माल ॲमेझॉन-फ्लिपकार्टवरून परराज्यात जातो. अशा वेळी ग्रुपवर कुणी भलतंच काही टाकलं, माल बनावट निघाला किंवा पोस्टवरून तक्रार झाली, तर जबाबदार कोण? लिहिणारा, ग्रुप चालवणारा की कंपनी? या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी ज्या निकालाने दिलं, त्याची सुरुवात पालघरमध्येच झाली होती.

पालघरमध्ये नेमकं काय घडलं?

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी मुंबई आणि आसपासचा परिसर बंद होता. या बंदबद्दल प्रश्न विचारणारी पोस्ट पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर टाकली आणि तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. जमावाने पोस्ट लिहिणाऱ्या तरुणीच्या काकांचा दवाखाना फोडला आणि दोघींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला.

अटकेसाठी वापरलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ होतं. ‘त्रासदायक’ किंवा ‘अतिशय आक्षेपार्ह’ संदेशासाठी त्यात ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती, पण त्रासदायक म्हणजे काय, हे कायद्यात कुठेच सांगितलेलं नव्हतं. देशभर संताप झाला, पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि पुढे दोघींवरचा गुन्हाही मागे पडला. याच अटकेनंतर सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेली याचिका म्हणजे श्रेया सिंघल खटला.

निकालाचा धंद्याशी काय संबंध?

न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६अ रद्द केलं. बातम्या याच्याच झाल्या. पण त्याच निकालात कलम ७९ बद्दलही एक महत्त्वाची गोष्ट ठरली.

कलम ७९ हे ‘मध्यस्थां’चं संरक्षण आहे. दुसऱ्याचा मजकूर किंवा माल फक्त पोहोचवणाऱ्याला त्या मजकुरासाठी दोषी धरायचं नाही, असं हे कलम सांगतं. त्याची गरज का, हे २००४ मध्ये दिसलं होतं. बाझी डॉट कॉम या साइटवर एका सदस्याने अश्लील क्लिप विक्रीला लावली आणि अटक झाली थेट कंपनीच्या प्रमुखाला. २००८ च्या दुरुस्तीत हे संरक्षण व्यापक झालं.

अट एकच मोठी : बेकायदा मजकुराची ‘माहिती मिळाल्यावर’ तो हटवायचा. पण माहिती मिळाली असं कधी म्हणायचं? कुणीही पाठवलेल्या तक्रारीने? न्यायालय म्हणालं, नाही. कोर्टाचा आदेश किंवा सरकारी यंत्रणेची सूचना आल्यावरच. नाहीतर लाखो तक्रारींतली खरी कुठली आणि खोटी कुठली, हे कंपनीलाच ठरवत बसावं लागलं असतं.

मग वसई-विरारमध्ये ‘मध्यस्थ’ कोण?

फक्त फेसबुक आणि ॲमेझॉन नव्हे. कायद्याच्या व्याख्येत इंटरनेट पुरवणारे आणि सायबर कॅफेही येतात. म्हणजे नालासोपाऱ्याच्या चाळीत वायफाय जोडून देणारा केबलवालाही मध्यस्थ ठरू शकतो. सायबर कॅफेवाल्याने तर २०११ च्या नियमांनुसार ग्राहकाचं ओळखपत्र पाहायचं आणि नोंदी किमान १ वर्ष जपायच्या. हे केलं नाही, तर संरक्षण धोक्यात येतं.

ग्रुप ॲडमिनचं काय? गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही. त्यासाठी दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसायला हवा. ॲडमिनने स्वतः टाकलेल्या मेसेजला मात्र ही सवलत नाही.

बहुतेक छोटे विक्रेते इथेच चुकतात. स्वतःच्या पेजवर स्वतःचा माल विकणारा मध्यस्थ नसतो. तो विक्रेता असतो. ‘इन्स्टाग्रामने चालू दिलं’ हा त्याचा बचाव होऊ शकत नाही. नामवंत ब्रँडचं नाव लावलेला बनावट माल विकला, तर ट्रेडमार्क कायद्यात ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाला पाच तारे देणंही निषिद्ध आहे. ‘घरगुती आहे, कंपनी थोडीच आहे’ असं म्हणूनही सुटका नाही. नियमितपणे व्यवसाय म्हणून विकत असाल, तर हे नियम लागू होतात.

सध्या काय बदलतंय?

मजकूर हटवण्याची मुदत. कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर २०२१ च्या नियमांत कंपन्यांना ३६ तास मिळत होते. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ते ३ तासांवर आले. शिवाय सरकारी यंत्रणांच्या सूचना आता ‘सहयोग’ पोर्टलवरून जातात. त्याला एक्स कंपनीने दिलेलं आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं.

सरकारची बाजू समजण्यासारखी आहे. डीपफेक किंवा दंगल भडकवणारी अफवा दीड दिवस फिरत राहिली, तर व्हायचं ते नुकसान होऊन जातं. पण ३ तासांत आदेश तपासून त्यावर हरकत घेणं कंपनीला जवळपास अशक्य आहे. संरक्षण गमावण्यापेक्षा पोस्ट उडवणं तिला स्वस्त पडतं. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला न्यायाधीश होण्यापासून वाचवलं होतं. आता कंपनी निवाडा करत नाही, पण प्रश्नही विचारत नाही.

याचा फटका बसतो तो ज्याचं पेज हेच दुकान आहे त्याला. मोठ्या ब्रँडकडे वकील असतात. नायगावच्या घरगुती केकवालीकडे फक्त फॉलोअर असतात.

पेज चुकून बंद झालं तर?

प्लॅटफॉर्मने स्वतःच्या निर्णयाने पेज बंद केलं असेल, तर आधी त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. उत्तर पटलं नाही, तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. म्हणूनच बिलं, माल खरेदीच्या पावत्या, स्वतः काढलेले मूळ फोटो आणि ग्राहकांशी झालेलं चॅट जपून ठेवलेलं बरं. समितीने अपील शक्यतो ३० दिवसांत निकाली काढावं, असं नियम सांगतात.

पोस्ट हटवायला ३ तास आणि परत मिळवायला महिना. लहान दुकानदाराचा दिवाळीचा सीझन तेवढ्यात संपतो.