आजाराला टाळ्या कसल्या वाजवता?

"प्रतिभावंत थोडा वेडाच असतो" हे वाक्य मला चीड आणते.

डॅनियल जॉन्स्टन या अमेरिकन गीतकाराने 'साँग्ज ऑफ पेन' हा पहिला अल्बम १९८१ साली घराच्या तळघरात, साध्या टेपरेकॉर्डरवर केला. कॅसेटची नक्कल काढायची सोय नव्हती, म्हणून मागणाऱ्यासाठी तो गाणी पुन्हा गायचा. पुढे ऑस्टिन शहरात मॅकडोनाल्ड्समध्ये नोकरी करता करता कॅसेटी वाटल्या. चाहते जमले. १९९२ मध्ये कर्ट कोबेनने त्याच्या अल्बमचा टी-शर्ट घातला.

ही मेहनत झाली. पण अनेकांना भुरळ पडली ती आजाराची. १९९० मध्ये त्याने वडील चालवत असलेल्या छोट्या विमानाची किल्ली काढून बाहेर फेकली. दोघे वाचले. तो किस्सा रंगवून सांगणारे पुष्कळ. त्याला वर्षानुवर्षे सांभाळले ते म्हाताऱ्या आईवडिलांनी.

अमेरिकेला नावे ठेवू नका. आपल्या मोहल्ल्यातही आजारी पोराला 'मजजूब' ठरवतात, त्याच्या बडबडीत इशारे शोधतात. गोळ्यांचे मात्र कुणी नाव काढत नाही. दुआ जरूर करा. पण औषधोपचार करा, असे पैगंबरांनीच (स.) सांगितले आहे ना?

त्याच्या १९८३ च्या 'हाय, हाउ आर यू' अल्बमच्या नावाने आज मानसिक आरोग्याचे काम चालते. "कसा आहेस, बेटा?" एवढे आपणही विचारावे, आणि उत्तर ऐकून त्याला डॉक्टरकडे न्यावे.