इंग्रजी शब्द वाक्यासकट पाठ करावा



आपण रोज पाच इंग्रजी शब्द पाठ करतो, स्पेलिंग आणि अर्थ. माझं मत असं आहे की रोज एकच शब्द घ्यावा, पण वाक्यासकट घ्यावा. का ते सांगतो.

काऊ म्हणजे गाय. ह्याला वाक्य नसलं तरी चालतं, कारण गाय दावणीला बांधलेली दिसते. बकेट, डोअर यांचंही तसंच. पण अँगर म्हणजे राग, फिअर म्हणजे भीती, होप म्हणजे आशा, हे कुठं बांधलेले दिसत नाहीत. तरी ती पण नामंच आहेत. गुरुजी त्यांना भाववाचक नामं म्हणतात. ती नुसत्या अर्थानं कळत नाहीत.

मराठीतच बघा. राग येतो, भीती वाटते, आनंद होतो, भूक लागते, धीर धरावा लागतो. 'मला राग झाला' असं कोणी म्हणत नाही. हे आपल्याला कोणी शिकवलं नाही, घरात ऐकून ऐकून आलं. इंग्रजी घरात ऐकायला मिळत नाही, मग ते वाक्यातूनच येणार. हंगर म्हणजे भूक एवढंच पाठ असलं की मुलं 'आय ॲम हंगर' म्हणतात. तिथं 'आय ॲम हंग्री' पाहिजे. हंगर दुसरीकडं बसतं. 'द काफ इज क्राइंग फ्रॉम हंगर', म्हणजे वासरू भुकेनं हंबरतंय.

प्राइडची तर गंमतच आहे. मराठीत अभिमान वेगळा आणि गर्व वेगळा. इंग्रजीत दोन्हीला प्राइड चालतं. 'माय ग्रँडफादर टॉक्स अबाउट हिज बुल्स विथ प्राइड' इथं तो अभिमान आहे. रावणाचा प्राइड म्हणजे गर्व. वाक्य नसेल तर आपले आजोबा आणि रावण एकाच ओळीत बसतील!

डेंजर हा शब्द कोणी पाठ केला नाही, तरी सगळ्यांना येतो. डीपीवर कवटीच्या चित्राजवळ लिहिलेला असतो. शब्द जागेवर भेटला की असा डोक्यात बसतो. आणि स्पेलिंग बघितलं तर अँगरच्या आधी डी लावला की डेंजर होतो, फक्त उच्चार बदलतो.

काहीजण म्हणतील रोज एक शब्द फार कमी. शाळा वर्षात दोनशे दिवस तरी भरते. म्हणजे दोनशे शब्द आणि दोनशे वाक्यं झाली. रोज पाचच्या हिशेबानं हजार होतात खरे, पण उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्यातले किती राहतात ते ज्याचं त्यानं मोजावं.

पालकांना पण सांगायचं आहे. इंग्रजीसाठी म्हणून आमच्या वर्गातली दोघं तालुक्याच्या शाळेत गेली. आता कबड्डीला सात जण भरत नाहीत. आपल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी पाचवीपासून असायचं. म्हणून नाव काढायच्या आधी एक करून बघा. 'किती शब्द पाठ झाले' असं विचारू नका. 'आज कशाचं वाक्य केलंस, मराठीत सांग' असं विचारा. इंग्रजी न येणाऱ्या आईला पण हे विचारता येतं.

फळ्यावर सुविचाराच्या खाली जागा रिकामी असते. तिथं रोज एकानं आपलं वाक्य लिहावं. पुस्तकातलं नको, घरातलं नाहीतर रानातलं. माझं तयार आहे. शब्द होप. 'माय मदर लुक्स ॲट द क्लाउड्स विथ होप.' म्हणजे आई आशेनं ढगांकडं बघते. आमची पेरणी अजून व्हायची आहे.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी