हुतात्मा नव्हे, बेपत्ता

डिसेंबर उजाडला की गोव्यात पुष्पचक्रांना मागणी वाढते. १६ तारखेचा विजय दिवस आणि १९ तारखेचा मुक्तिदिन लागोपाठ येतात, भाषणे होतात आणि रणात गेलेल्या प्रत्येक तरुणाला सरसकट 'हुतात्मा' म्हणून वंदन केले जाते. या सरसकटपणालाच माझी हरकत आहे.

१८ डिसेंबर १९६१ रोजी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकणारी कॅनबेरा विमाने आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असतील. दहा वर्षांनी तीच जातीची विमाने पाकिस्तानवर गेली आणि सगळी परतली नाहीत. कॅनबेरावरील ससून आणि अडवाणी, तसेच ५ डिसेंबर १९७१ रोजी सुखोई-७ घेऊन शोरकोटच्या विमानतळावर हल्ल्यास गेलेले फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, ही नावे ५४ बेपत्ता सैनिकांच्या यादीत आहेत.

तांबे यांच्या पत्नी दमयंती या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. पकडलेल्या भारतीय वैमानिकांत 'टॉम्बे' असे नाव ढाक्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने त्याच सुमारास छापले होते. १९७९ मध्ये सरकारने लोकसभेत ४० नावांची यादी ठेवली. २००७ मध्ये बेपत्तांचे नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहून रित्या हातांनी परतले. असे कैदी आपल्याकडे नाहीत, हेच पाकिस्तानचे उत्तर राहिले.

शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे कागदाचा स्वभाव मला ठाऊक आहे. रकान्यात 'हयात' किंवा 'मयत' लिहिल्याशिवाय फाइल बंद होत नाही. सात वर्षे वार्ता नसेल तर कायदा मृत्यू गृहीत धरतो. वारसा आणि निवृत्तिवेतन यांसाठी ती तरतूद हवीच. परंतु कचेरीची ही सोय समाजाने उसनी का घ्यावी? 'हुतात्मा' म्हटले की हार घालून घरी जाता येते. 'बेपत्ता' म्हटले की विचारावे लागते: शोध कोणी घेतला, कुठवर घेतला आणि का थांबवला?

कोणी म्हणेल, अर्धशतक उलटले, ते आता जिवंत असणे कठीण; मग शब्दांचा कीस कशाला? जिवंत नसतील, हे मलाही मान्य आहे. पण मृत्यू त्याच सकाळी विमानात आला की वर्षानुवर्षांनी कोठडीत, या दोहोंत काहीच अंतर नाही काय? पत्रादेवीच्या स्मारकासमोर आपण नतमस्तक होतो, तेव्हा १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर काय गुदरले ते आपल्याला माहीत असते. 'हुतात्मा' हा शब्द त्या माहितीवर उभा आहे. माहितीच्या अभावी तो वापरणे म्हणजे गौरव नव्हे, सुटका आहे.

शब्द जपणे हे साहित्यसंस्थेचे पहिले काम. फोंड्यातील आपल्या संस्थेने येत्या १६ डिसेंबरला व्याख्यानाऐवजी ती ५४ नावे वाचावीत. शेवटी 'अमर रहे' म्हणू नये. 'शोध अपुरा आहे' एवढेच म्हणावे आणि तेच इतिवृत्तात नोंदवावे.