मर्फीचं रिकामं घर

भाच्याच्या आग्रहाखातर परवा १९८७चा ‘रोबोकॉप’ पहिल्यांदाच पाहिला. त्याने आधीच बजावलं होतं, “मावशी, रक्त फार आहे हं!” मर्फी या पोलिसाला गुंड ज्या क्रूरपणे गोळ्या घालतात, ते बघवेना. मी उठून स्वयंपाकघरात गेले. दिग्दर्शक पॉल व्हरहोवेन यांचा रागच आला.

परत आले, तर मर्फीच्या उरल्यासुरल्या देहावर कंपनीने पोलादी कवच चढवलेलं. स्मृती पुसलेली. डेट्रॉइटच्या रस्त्यांवर फिरणारा तो आता कंपनीची मालमत्ता. कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याला अटक करायची नाही, हेही त्याच्या डोक्यात आधीच भरलेलं!

पण एक सवय राहून गेलेली असते. मुलाला आवडायचं म्हणून तो पिस्तूल बोटावर गरकन फिरवायचा. ल्युइस ही सहकारी त्यावरूनच त्याला ओळखते. पुढे तो आपल्या घरी जातो. घर विकायला काढलेलं, बायको-मुलगा कधीच निघून गेलेले. रिकाम्या खोल्यांत त्याला एकेक आठवू लागतं.

तिथे मला आई आठवली. शेवटी शेवटी तिला आमची नावं आठवत नसत. पण कणकेचा उंडा हाती दिला की पोळी मात्र गोल लाटायची.

लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नका. मोठ्यांनी जरूर पाहावा. गोळीबार नकोसा झाला, तर खुशाल उठून जावं. घराच्या प्रसंगाला मात्र परत यावं.