सहल आधी भंगारवाल्याकडे न्या



कचरा व्यवस्थापन आणि ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हे विषय आता शाळांच्या क्षेत्रभेटीत येऊ लागले, ही चांगली गोष्ट आहे. पण क्षेत्रभेट म्हटली की बस नागपूरकडेच वळते. मुले मोठी यंत्रे पाहतात, वाटेत चिप्सची पाकिटे फोडतात आणि घरी येऊन ‘कचरा हीच संपत्ती’ असा निबंध लिहितात. माझे म्हणणे असे, की पहिली भेट आपल्या गावात, दिघोरीतच व्हावी.

हे चक्र आपल्या भागाला नवे नाही. धानाचे तणस जनावरांपुढे जाते, शेण उकिरड्यात आणि उकिरड्याचे खत पुन्हा बांधीत. तूस उकड्या तांदळाच्या भट्टीखाली जळते. उन्हाळ्यात मामा (माजी मालगुजारी) तलावाचा गाळ शेतात पडला की तलाव खोल होतो आणि शेत कसदार. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचा व्यवहारही असाच होता; फुटका गुंड मोडीत घातला की त्याचे वजन नव्या भांड्याच्या किमतीतून वळते व्हायचे. हे घरातल्या आजीला विचारले तरी कळेल.

मग चक्र तुटते कुठे? ते भंगारवाला सांगेल. लोखंड, पत्रा, पुठ्ठा, पाण्याची बाटली तो तोलून घेतो. चिप्सचे चकाकते पाकीट मात्र फुकटही घेत नाही, कारण त्यातले प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर वेगळे करणे परवडत नाही. ते पाकीट गाईच्या पोटात, नालीत किंवा शेकोटीत जाते. म्हणजे दोष केवळ फेकणाऱ्याचा नाही, बनवणाऱ्याचाही आहे.

कायदाही हे मानतो. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी अशा वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आणि पुनर्वापर न होणारी बहुस्तरीय वेष्टने दोन वर्षांत बंद करायला सांगितले. दोन वर्षे भरताच, २०१८ मध्ये, नियमाचे शब्द बदलले. जाळून ऊर्जा मिळते किंवा दुसरा काही उपयोग होतो, एवढे दाखवले तरी सुटका झाली. मुलांना हा धडा कोणत्याही प्रकल्पाच्या फाटकावर मिळत नाही.

मोठे प्रकल्प पाहूच नयेत, असे नाही. नागपूरचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते, ते जरूर दाखवावे. पण त्याच शहराचे उरलेले सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला मिळते आणि आपल्याच जिल्ह्यात गोसेखुर्दच्या जलाशयात येऊन थांबते, हेही त्याच दिवशी दाखवावे. अर्धे दाखवणे म्हणजे जाहिरात.

शिक्षकांना विनंती आहे : एक आठवडा शाळेच्या आवारातली पाकिटे मुलांकडून गोळा करून घ्यावीत, कंपनीनुसार वेगळी करून तोलून घ्यावीत. तो हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि पाकिटांवर छापलेल्या कंपन्यांच्या पत्त्यांवर मुलांच्या अक्षरात पाठवावा. निबंधापेक्षा हे पत्र लिहिण्यात मुले जास्त शिकतील.

– एक पालक, दिघोरी (जि. भंडारा)